अबू धाबीत विमान बदलायला २ तास ५० मिनिटं पुरतात का?

सुनीता काकू, बी-३०२: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे शिकागोला निघालोय. मुंबई-अबू धाबी-शिकागो. मध्ये २ तास ५० मिनिटं आहेत. एजंट म्हणतो, चिक्कार झाले. ह्यांचा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. कोणी त्या वाटेने गेलंय का? तिकिटाचा फोटो टाकलाय.

मंदार, ए-७०१: काकू, तो फोटो आधी उडवा, सगळ्यांच्या फोनवरून. पीएनआर आणि आडनाव हाताशी असलं की कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं.

सुनीता काकू, बी-३०२: अगंबाई! उडवला.

मंदार, ए-७०१: तेवढ्यात बघून घेतलं मी 😄 दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत, हे बरं झालं. पहिलं लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची. तिकिटं वेगवेगळी असती तर त्यांनी हात वर केले असते.

देशपांडे काका, सी-१०४: त्यात एवढं काय? बोर्डावर गेट नंबर बघायचा आणि जाऊन बसायचं. आम्ही लंडनला जाताना दुबईत हेच केलं.

मंदार, ए-७०१: काका, लंडनसाठी ठीक आहे. अबू धाबीहून अमेरिकेला जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतात, विमानात चढायच्या आधी. प्रीक्लिअरन्स म्हणतात त्याला. २०१४ पासून आहे, आता नव्या टर्मिनल ए मध्ये. हे टर्मिनल नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, अवाढव्य आहे. पण वेळ चालण्यात जात नाही, रांगांत जातो. आधी ट्रान्सफरची सिक्युरिटी, मग अमेरिकेच्या विमानांसाठी आणखी एक तपासणी, मग ऑफिसर. त्यात गेट विमान सुटायच्या बरंच आधी बंद होतं. तेव्हा काकू, उतरल्यावर ड्यूटी फ्रीकडे ढुंकूनही बघायचं नाही. चहासुद्धा नंतर. ‘यूएस प्रीक्लिअरन्स’ची पाटी धरून सरळ चालायला लागा.

सेक्रेटरी: टाकी साफ करायची असल्याने उद्या ११ ते २ पाणी बंद. कृपया भरून ठेवा.

वैशाली, बी-६०३: काकू, आईबाबांना मी त्याच वाटेने नेलं होतं. ऑफिसर आपल्या बॅगांचे फोटो स्क्रीनवर दाखवतो आणि विचारतो, ह्या तुमच्याच ना? तिथे सगळ्या बॅगा काळ्या दिसतात. बाबा भलत्याच बॅगेला हो म्हणायच्या बेतात होते, आईने हँडलला बांधलेली लाल नाडी दिसली म्हणून वाचलो. तुम्हीही काहीतरी बांधाच. आणि मुंबईहून आलेल्या बॅगांचे फोटो यायला उशीर झाला तर थांबावं लागतं, आम्ही थांबलो होतो. घाबरू नका.

सुनीता काकू, बी-३०२: आणि व्हीलचेअर?

वैशाली, बी-६०३: एजंटवर सोडू नका. निदान ४८ तास आधी स्वतः कंपनीला फोन करा आणि दोन्ही विमानांसाठी नोंद झाली का ते विचारा. नुसती मुंबईची होते आणि पुढे पंचाईत. माणूस मिळाला की तोच रांगेतून काढतो, तुम्ही फक्त त्याच्या मागे चाला. पासपोर्ट मात्र त्याच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका.

सुनीता काकू, बी-३०२: लेकीला तिथून व्हॉट्सॲपवर फोन लावेन मग.

मंदार, ए-७०१: लागणार नाही. अमिरातीत व्हॉट्सॲप कॉल चालत नाही, मेसेज जातो. घड्याळ दीड तास मागे करा, नाहीतर बोर्डिंगच्या वेळेचा घोळ होतो.

सुनीता काकू, बी-३०२: लोणचं, मेतकूट, सुकं खोबरं घेतलंय तिच्यासाठी.

वैशाली, बी-६०३: खोबरं काढा! तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. लोणचं चेक-इनमध्ये, हातातल्या पिशवीत नको. आणि खाण्याचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणायचं, काय आहे ते सांगायचं. अबू धाबीतच विचारतात हे.

देशपांडे काका, सी-१०४: एवढा उपद्व्याप! त्यापेक्षा आमची दुबई बरी.

मंदार, ए-७०१: काका, दुबईहून गेलात तर हीच रांग शिकागोला, तीही १५-१६ तास बसून पाय सुजल्यावर. काकू तिथे उतरतील त्या देशातल्या देशात आल्यासारख्या. बेल्टवरून बॅगा उचलायच्या आणि बाहेर. काकू, लेकीला हे आधीच सांगा. नाहीतर ती इमिग्रेशनचा वेळ धरून निघेल आणि तुम्ही बाहेर तिची वाट बघत बसाल.

सुनीता काकू, बी-३०२: सांगते. खोबरं कोणाला हवंय का? पाव किलो आहे.

देशपांडे काका, सी-१०४: आमच्याकडे पाठवा.