अंगावरून वारं गेलं, तर पहिल्या तासात काय?

लकवा मारतोय हे घरच्यांना वेळेत ओळखता यावं, म्हणून असे रुग्ण रोज पाहणाऱ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं, एवढीच विनंती.

मेंदूविकारतज्ज्ञ
दात दाखवून हसायला सांगा. ओठांचा एक कोपरा खाली राहतो का? डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला लावा. 10 सेकंदांत एक हात घसरला किंवा तळवा आत वळला तर ती कमजोरीच. मग 'आज घरी वरण-भात केलाय' असं वाक्य म्हणवून घ्या. जीभ जड होते हे सगळ्यांना माहीत असतं; पण शब्दच न सापडणं, भलतंच बोलणं, समोरच्याचं न कळणं हेही लकव्याचंच लक्षण. घरचे त्याला 'बरळणं' समजून सोडून देतात. तिन्हींपैकी एकच अचानक दिसलं तरी निघा. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकून होणारा लकवा बहुधा दुखत नाही, म्हणूनच फार जण उशिरा पोहोचतात.

आणखी एक डॉक्टर
हातपाय ठीक असूनही अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, एका डोळ्यापुढे पडदा येणं: हे 'पित्त' म्हणून झोपवू नका.

अपघात विभागातली परिचारिका
आम्ही विचारतो, 'शेवटचे धडधाकट कधी दिसले?' गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सकाळी उठल्यावर लक्षणं दिसली तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजतात. पण पहाटे लघवीला उठून नीट चालत गेल्याचं कुणी पाहिलं असेल तर तेवढे तास वाचतात. वेळ टळली असं वाटलं तरी आणाच. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही तारेने काढता येते. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, रक्त पातळ करणारी तर विसरू नका.

रुग्णवाहिकेतले डॉक्टर
108 ला फोन करताना 'चक्कर आली' नको, 'लकव्याची शंका' म्हणा. सीटी स्कॅन 24 तास चालू असलेलंच रुग्णालय गाठा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून बसणं म्हणजे वेळ घालवणं. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा. गिळणं बिघडलेलं असतं, घोट फुप्फुसात जातो. ॲस्पिरिनही नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. वाढलेलं बीपी जिभेखालच्या गोळीने एकदम पाडलं तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. तेल चोळणं, पारव्याचं रक्त लावणं यात घड्याळ पुढे सरकत राहतं. साखर खूप उतरली तरी असंच चित्र दिसतं, म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर आकडा बघून सांगा. पण त्यासाठी निघणं लांबवू नका.

फॅमिली डॉक्टर
'लुळा पडलेला हात दहा मिनिटांत आपोआप बरा झाला' हे ऐकलं की मला जास्त काळजी वाटते. मोठा लकवा येण्याच्या दृष्टीने पुढचे 48 तास सर्वाधिक धोक्याचे. त्याच दिवशी मेंदूचा स्कॅन, ईसीजी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व्हायला हवी. नाडी वेडीवाकडी पडत असेल तर तेही सांगा. हृदयातली गुठळी मेंदूत जाण्याचं ते एक मोठं कारण आहे.