‘स्वान लेक’मधल्या ३२ गिरक्या: मोजायच्या की बघायच्या?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दुसरा अंक

‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकात ओडील मंचाच्या मधोमध येऊन उभी राहते, ऑर्केस्ट्रा कोडा, म्हणजे नृत्याचा शेवटचा वेगवान भाग, सुरू करतो आणि प्रेक्षागृहातले लोक मोजायला लागतात. आठ-दहा गिरक्या झाल्या की टाळ्या पडू लागतात. बत्तिसावीपर्यंत त्या टाळ्यांखाली संगीत पार बुडून जातं. माझं मत स्पष्टच सांगते. या ३२ फुएतेंनी, म्हणजे या गिरक्यांनी, आपली बघण्याची नजर बिघडवली आहे. ज्या नर्तकीला त्या करायच्या नसतील, तिला त्या जागी तितकंच दमदार दुसरं काही करायची मोकळीक हवी, आणि तेवढ्यावरून तिला कमी लेखणं थांबायला हवं.

बॅले फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात गोष्ट सांगते. जादूगार रोथबार्टच्या शापामुळे ओडेट दिवसा हंस आणि रात्री माणूस असते. राजपुत्र सीगफ्रीड तिच्या प्रेमात पडतो. तिसऱ्या अंकात रोथबार्ट आपल्या मुलीला, म्हणजे ओडीलला, ओडेटच्या रूपात दरबारात आणतो आणि राजपुत्र फसतो. दोन्ही भूमिका एकच नर्तकी करते. फुएतेत ती एका पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी असते, दुसरा पाय हवेत बाजूला झटकून गुडघ्याशी आणते आणि त्या झटक्याच्या जोरावर फिरते. प्रत्येक गिरकीनंतर टाच क्षणभर टेकते, गुडघा वाकतो, की लगेच पुन्हा वर. असं सलग ३२ वेळा, जागा न सोडता.

आता या गिरक्या इथे आल्या कशा ते बघा. १८७७ साली मॉस्कोत ‘स्वान लेक’ पहिल्यांदा झाला तेव्हा त्या नव्हत्या. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘सिंड्रेला’त त्या करून लोकांना थक्क केलं. १८९५ मध्ये नृत्यरचनाकार पेतिपा आणि इवानोव्ह यांनी तिथल्याच मरिन्स्की नाट्यगृहात ‘स्वान लेक’ नव्याने बसवला, नायिका लेन्यानीच होती, तेव्हा तिची ही हुकमी करामत इथे आली. संगीतकार चायकोव्स्की तोवर वारला होता. ओडील आज ज्या संगीतावर नाचते ते त्याने पहिल्या अंकासाठी लिहिलं होतं, ते तिसऱ्या अंकात नंतर हलवलं गेलं. म्हणजे ज्याला आपण ‘स्वान लेक’चा कळस मानतो, त्यातल्या गिरक्याही बाहेरून आलेल्या आणि संगीतही दुसऱ्या जागेवरून उचललेलं.

माया प्लिसेत्स्कायाने मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहात वर्षानुवर्षं ओडील केली ती फुएतेंशिवाय. त्या जागी ती मंचभर मोठं वर्तुळ काढत झपाट्याने गिरक्या घेत जायची. तिची ओडील अपुरी आहे असं म्हणणारा मला अजून भेटायचाय. माझी सगळ्यांत लाडकी मात्र उल्याना लोपात्किना. मरिन्स्कीत २००६ साली चित्रित झालेला तिचा ‘स्वान लेक’ बघा, विशेषतः दुसरा अंक. सीगफ्रीडच्या हातावर रेलताना तिची मान सगळ्यांत शेवटी वळते, आणि तोवर आपल्याला कळलेलं असतं की हिला पळून जायचंय आणि जाववत नाहीये. यात मोजण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

---

तिसरी घंटा

धागा सुरेख, मत अजिबात पटलं नाही.

फुएते १८९५ मध्ये बाहेरून आल्या म्हणून त्या उपऱ्या, असं तुमचं म्हणणं. मग तुमचा तो लाडका दुसरा अंक? तोही इवानोव्हचाच, म्हणजे १८९० च्या दशकातला. १८७७ च्या मॉस्कोच्या प्रयोगातलं नृत्य आज कुणी नाचत नाही. १८९५ नाकारायचं तर ओडेटचा तो संथ पा द दे (दोघांचं नृत्य) आणि चार छोट्या हंसिणींचं नृत्यही नाकारावं लागेल. आवडतं तेवढं ठेवून बाकीचं ‘करामत’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

दुसरं म्हणजे, पेतिपाने त्या कुठे ठेवल्यात ते बघा. ओडीलने आधी सीगफ्रीडला खेळवलंय, जवळ येऊन हात सोडवून घेतलाय, मध्येच ओडेटसारखे हात फडफडवून दाखवलेत. आता शेवटचा घाव घालायचा आहे. त्याने प्रेमाची शपथ घ्यायला हवी आणि त्याआधी त्याचं डोकं चालणं बंद पडायला हवं. एकाच बिंदूवर थांबून न थकता फिरत राहणारी बाई, हे संमोहन आहे. वर्तुळात धावणारी ओडील सुंदर दिसते, कबूल, पण ती सगळ्या दरबाराला दिसण्यासाठी धावते. जागेवर फिरणारी ओडील एकट्या सीगफ्रीडला बांधून ठेवते.

टाळ्यांचं म्हणाल तर संगीत नाटकात ऐन प्रवेशात वन्समोअर देणारे लोक आपण. त्याने नाटकं कोसळली नाहीत, उलट नटाला बळ आलं. इतकी वर्षं रोज तासन् तास घाम गाळून बाई तिथवर आलीये, तिला टाळी द्यायला पडदा पडेपर्यंत का थांबायचं?

---

दुसरा अंक

इवानोव्हचा मुद्दा मान्य, पण तो माझ्या बाजूचा आहे. इवानोव्हने हंसिणींचे अंक चायकोव्स्कीचं संगीत ऐकून रचले. व्हायोलिन आणि चेलोच्या सुरावटी ओडेटच्या हातांत आणि पाठीत दिसतात. लेन्यानीच्या फुएते संगीतातून निघालेल्या नाहीत, त्या नर्तकीकडे तयार होत्या आणि त्यांना जागा शोधली गेली. मी साल मोजत नाहीये, रचना कुठून उगवली ते विचारतेय.

संमोहनाचं तुमचं वाचन मला मनापासून आवडलं. तसं करणारी नर्तकी असेल तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण बहुतेक वेळा ओडील सीगफ्रीडकडे बघतच नाही. ती समोरच्या अंधारातला ठरवलेला एक बिंदू पकडून असते, कारण नजर हलली तर तोल गेला. चेहऱ्यावर हसू, डोळ्यांत हिशोब.

आणि २०१८ चं काय? अमेरिकी नर्तकी मिस्टी कोपलंडने सिंगापूरच्या प्रयोगात ३२ पूर्ण केल्या नाहीत, दुसऱ्या गिरक्यांनी कोडा संपवला. तेवढ्या काही सेकंदांची क्लिप जगभर फिरली. तिची ओडेट कशी होती, चौथा अंक कसा झाला, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिने ती टीका स्वतः सगळ्यांसमोर ठेवून उत्तर दिलं, हा तिचा मोठेपणा. पण रसिकांनी चार अंकांचा बॅले अर्ध्या मिनिटावर आणून ठेवला, याचा मला राग येतो.

---

समेवर

मी कथक करते आणि शिकवते, म्हणून मोजण्याबद्दल दोन शब्द.

आमच्याकडे चक्कर मोजले जातातच. तिहाईत (एकच बोल तीनदा घेऊन केलेल्या शेवटात) किती चक्कर आणि कुठून उचलले हे प्रेक्षकही हातावर धरत असतात. पण ती मोजणी समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी असते. शेवटचा चक्कर समेवर आला नाही तर आधीचे किती झाले याला काही अर्थ उरत नाही. शिवाय आमचे चक्कर टाचेवर आणि पाय जवळजवळ जमिनीलगत. हा पाय झटकून पुन्हा बोटांच्या टोकांवर चढण्याचा प्रकार किती जीवघेणा आहे ते मला बघूनच जाणवतं.

मला आक्षेप आहे तो ३२ च्या आकड्याला नाही, हल्लीच्या डबल आणि ट्रिपलला. मध्येच दोन, तीन गिरक्या एका झटक्यात घ्यायच्या, की लोक ओरडतात. पण नीट ऐका. तिसरी गिरकी घेताना पाय बहुतेकदा ठोक्याच्या मागे पडतो, मग पुढच्या दोन-तीन घाईत उरकून संगीत गाठावं लागतं. कोड्यातला ठोका इतका ठसठशीत आहे की चूक लपत नाही. एकेरी, पण प्रत्येक गिरकी ठोक्यावर उघडणारी, अशा ३२ मी डबल-ट्रिपलपेक्षा केव्हाही वर ठेवेन. चढणाऱ्या संगीतात तोच तो ठोका पुन्हा पुन्हा येण्याची एक नशा असते, आणि ती आकड्यानेच येते. दहावर थांबलात तर नाही येणार.

म्हणजे मी तिसरी घंटा यांच्या बाजूने, पण त्यांच्या टाळ्यांच्या विरोधात. टाळ्या वाजल्या की ठोका ऐकू येत नाही, मग ती समेत आहे की नाही हे ठरवायचं कशावरून?

---

थेम्सकाठी

लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात वर अँफिथिएटरमध्ये बसून अनेक ओडील पाहिल्या. तिथून चेहरे बारीक दिसतात, पण मंचाची जमीन पूर्ण दिसते. त्यामुळे नर्तकी गिरक्या घेत किती पुढे सरकली हे लगेच कळतं. समोरच्या महागड्या खुर्चीत बसणाऱ्याला ते तितकंसं कळत नाही.

मला दोघांचंही अर्धवट वाटतं, कारण मारिआनेला नुन्येझ. २०१८ मध्ये नृत्यरचनाकार लिअम स्कार्लेटने लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ‘स्वान लेक’ नव्याने बसवला, त्यात ती व्हादिम मुंतागिरोव्हबरोबर नाचली. त्याचं चित्रण आहे, जरूर बघा. तिचा तोल इतका पक्का आहे की फुएते सुरू झाल्यावर बघणाऱ्याला धाकधूक होत नाही, आणि धाकधूक नसली की माणूस मोजत नाही. तिथे खरंच ओडील दिसते, आपल्या ताकदीवर खूश असलेली. नतालिया ओसिपोव्हा याच्या उलट. तिच्यात धोका असतो, आता काय करेल सांगता येत नाही, आणि ओडीलला तेही शोभतं. त्यामुळे ‘करामत की अभिनय’ हे भांडण मला दुय्यम दर्जाच्या प्रयोगांचं भांडण वाटतं.

आता ब्रिटिश नर्तकी मार्गो फॉन्टेन. तिच्या फुएते कच्च्या होत्या, फिरता फिरता मंचावर सरकायची, हे तिच्या चाहत्यांनाही ठाऊक. तरी १९६४ मध्ये व्हिएन्नात न्युरेयेव्हबरोबर तिने ‘स्वान लेक’ केला तेव्हा पडदा ८९ वेळा उघडावा लागला. तो विक्रम म्हणून नोंदला गेलाय.

---

दुसरा अंक

@थेम्सकाठी, फॉन्टेनचं उदाहरण दिलंत, आता माझं काम संपलं! ८९ वेळा पडदा उघडायला लावणाऱ्या त्या प्रेक्षकांनी नक्कीच गिरक्या मोजलेल्या नव्हत्या.

---

तिसरी घंटा

त्या ८९ मध्ये न्युरेयेव्हचा वाटा केवढा होता? ती निर्मिती त्याची होती, राजपुत्र तो होता, आणि १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पहारेकऱ्यांना चुकवून आलेला माणूस म्हणून अवघं युरोप त्याच्यामागे वेडं झालं होतं. शिवाय फॉन्टेनला जमत नसूनही तिने त्या टाळल्या नाहीत, हे तुम्ही सोयीस्करपणे सोडून दिलंत. सरकत गेली, पण उभी राहिली. मला तर प्लिसेत्स्कायाच्या नकारापेक्षा हा प्रयत्न मोठा वाटतो.

---

बारामतीकर

सगळं वाचलं. मनापासून विचारतो, खवचटपणा नाही. ही झारच्या दरबारात वाढलेली कला. तिच्यातल्या गिरक्या ३२ की २८ यावर मराठीत इतकी चर्चा करताना आपल्या मातीशी तिचं काही नातं वाटतं का? लावणीतल्या अदाकारीवर असा धागा निघाला तर मी रात्रभर लिहीन.

---

समेवर

लावणीचा धागा काढाच, मी येते.

नात्याचं म्हणाल तर आहे. रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हा १९२० च्या दशकात भारतात आली होती, मुंबईतही तिचे प्रयोग झाले. उदय शंकर यांनी लंडनमध्ये तिच्याबरोबर राधा-कृष्णाचं नृत्य केलं. मादाम मेनका यांना नृत्याकडे वळायला तिने हुरूप दिला, आणि पुढे त्यांनी आपल्या खंडाळ्याला नृत्यशाळा काढून कथकला नृत्यनाट्याचं रूप दिलं. मी आज मंचावर समूहाने कथक करते, तेव्हा त्या वाटेवरूनच चालत असते.

आणि दरबार संपून शंभर वर्षं झाली. नवी मुंबईचा अमीरुद्दीन शाह, वेल्डिंगचं काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा, येहुदा माओर यांच्याकडे मुंबईत शिकला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्याला कुणी विचारलं नाही की तुझ्या मातीत हे कुठून आलं.

---

बारामतीकर

खंडाळ्याचं ठाऊक नव्हतं. मला एक सांगा, सुरुवात कशाने करू?

---

दुसरा अंक

पूर्ण ‘स्वान लेक’ एका बैठकीत बघू नका. आधी फक्त दुसरा अंक, शक्यतो लोपात्किनाचा. पहिल्यांदा एकट्या ओडेटकडे बघा, मग तोच अंक फक्त मागच्या हंसिणींसाठी. चोवीसजणींची रांग एका श्वासात थांबते आणि त्यातल्या कुणालाच टाळी मिळणार नसते. तिसरा अंक दुसऱ्या दिवशी. आणि बघताना मोजू नका, एवढी माझी विनंती.

---

तिसरी घंटा

मी उलट सांगेन. तिसऱ्या अंकापासून सुरू करा आणि खुशाल मोजा. सोळाव्या गिरकीनंतर तिच्या उभ्या पायाच्या घोट्याकडे बघा. बुटातला बोटांखालचा कापडाचा आणि खळीचा कडक ठोकळा तोवर मऊ पडत आलेला असतो, आणि नंतर अख्खा चौथा अंक नाचायचा बाकी असतो. शरीर काय सोसतंय हे कळल्याशिवाय त्या हातांच्या नाजूकपणाची किंमत कळणार नाही.

@दुसरा अंक, तुमच्या सांगण्यावरून प्लिसेत्स्कायाची १९५७ ची फिल्म आज पुन्हा लावतोय. तिचे हात बघून माझी बोलती बंद होईल हे मला ठाऊक आहे. पण तिकीट काढून थिएटरात बसलो, तर मला ३२ हव्यातच.