दारापलीकडचे शेजारी

'ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेत भुतंच नाहीत, मग ती भयमालिका कशी, असं कोणी विचारेल. १९५९ ते १९६४ या काळातल्या अमेरिकेला भीती होती ती अणुबाँबची आणि शेजारी कम्युनिस्ट असेल या संशयाची.

'द शेल्टर' हा भाग २९ सप्टेंबर १९६१ चा. त्याआधी दोनच महिने, २५ जुलैला, बर्लिनवरून सोव्हिएत संघाशी निर्माण झालेल्या पेचावर बोलताना राष्ट्राध्यक्ष केनेडींनी अणुहल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यांचा विषय काढला होता. भागातल्या डॉक्टरच्या तळघरात हवा, पाणी, अन्न तिघांपुरतंच. अणुहल्ल्याच्या धोक्याची घोषणा होते आणि संध्याकाळी त्याच्याच वाढदिवसाला जेवलेले शेजारी दार फोडायला लोखंडी पाइप घेऊन येतात. आधी कोणाला आत घ्यायचं यावर भांडताना एक जण दुसऱ्याचं परदेशी मूळ काढतो. माझ्या मते बाँबपेक्षा भयंकर तेच वाक्य आहे! शेवटी कळतं, हल्ला वाटला ते निरुपद्रवी उपग्रह होते. दार मात्र तुटलेलंच.

हे थेट का नाही सांगितलं? मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंगने १९५६ मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या वंशद्वेषी खुनावरून टीव्हीसाठी नाटक लिहिलं, तेव्हा प्रायोजकाच्या धास्तीने घटनास्थळ अमेरिकेच्या दक्षिणेतून ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडला हलवावं लागलं. परग्रहवासी घातले की तोच वंशद्वेष, तोच संशय बिनबोभाट प्रसारित व्हायचा.

म्हणून भाग बघताना आधी प्रसारणाची तारीख बघा, मग त्या महिन्यांतल्या बातम्या.