पाच महिने, दोन मुलं, आग्नेय आशिया: बडोद्याहून निघण्याआधी काय काय बघायचं?

रावपुरा_टॉवर
नमस्कार मंडळी. दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या मध्याला निघायचं, एप्रिलच्या मध्याला परत. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत (गुजरात बोर्ड). मुलगा चार वर्षांचा, वजन १६ किलो. आम्हा दोघांचं काम लॅपटॉपवर चालतं. ढोबळ बेत: नोव्हेंबरात दा नांग, डिसेंबरात हनोई (दोन्ही व्हिएतनाम), जानेवारीत बाली, फेब्रुवारी-मार्च चिआंग माई (थायलंड), शेवटी पेनांग (मलेशिया). शाकाहारी आहोत, मुलांना रोज भात लागतो. काय बघायचं याची यादी नको, ती मिळते. रोजचं कसं चालवायचं ते सांगा.

नकाशा_आणि_पंचांग
ताई, बेत नेमका उलटा बांधलाय. दा नांगला ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात जास्त पाऊस. बालीत जानेवारी म्हणजे ऐन पावसाळा. चिआंग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रानं जळत असतात. शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्यामुळे धूर तिथेच साचून राहतो. चार वर्षांच्या पोराला त्या हवेत दोन महिने ठेवू नका.

असं करा: नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चिआंग माई (डिसेंबरात पहाटे १५ अंशांच्या आसपास, एकेक स्वेटर घ्या), मग चार आठवडे पेनांग, मग एप्रिलपर्यंत दा नांग. हनोई आणि बाली गाळा. घर बदललं की मुलांची झोप, किराणा, वाय-फाय सगळं पुन्हा बसवायला तीन-चार दिवस जातात, म्हणून पाच महिन्यांत तीन घरं पुष्कळ झाली. एअरबीएनबीवर महिन्याची सवलत २८ रात्रींपासून लागते. २६ रात्री घेतल्या तर कधी कधी २८ पेक्षा महाग पडतात, दोन्ही तारखा टाकून बघा. चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. त्या आठवड्यात व्हिएतनाममध्ये दुकानं बंद आणि भाडी चढलेली असतात, ते टळल्यावरच दा नांगला उतरा.

आता कागद. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. धाकट्याचा जन्मल्यावर लगेच काढला असेल तर तो संपत आला असणार. शेवटच्या देशात उतरताना सहा महिने शिल्लक हवेत. नवा काढताना अनुबंध ‘डी’वर (पालकांच्या संमतीचा नमुना) आईवडील दोघांच्या सह्या लागतात. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे, पण दिवाळीच्या सुट्टीआधी गर्दी असते, सप्टेंबरात उरकून टाका.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि कुठल्या विमानतळावर उतरणार तेही त्यातच भरायचं. नावात वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते पासपोर्टात बघून जसंच्या तसं लिहा, तिकिटावरही तसंच. आपल्याकडच्या नावांचा घोळ इथेच होतो. थायलंड आणि मलेशियाला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, मुलांचंसुद्धा. किती दिवस राहता येतं हे वरचेवर बदलतं, तिकीट काढण्याच्या आठवड्यात सरकारी साइटवरच बघा. दिवस मोजताना उतरल्याचा दिवस पहिला धरा.

मेतकूट_तूप_भात
जेवणाचं माझ्याकडे.

भाड्याच्या घरात विजेचा राइस कुकर बहुधा असतोच, घर ठरवताना फोटोत शोधा. त्यात खिचडी उत्तम होते: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ (अर्धा तास भिजवून), चार वाट्या पाणी, हळद, मीठ. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस झाकणाच्या भोकातून ओट्यावर येतो आणि मग बटण वेळेआधी उडतं. थाई जास्मिन तांदळाला पाणी कमी लागतं, नुसत्या भाताला वाटीला सव्वा वाटी. भात आंबेमोहोरासारखा मऊ होतो, मुलं कुरकुरत नाहीत.

तूरडाळ मात्र राइस कुकरमध्ये शिजता शिजत नाही. तिच्यासाठी तीन लिटरचा स्टीलचा प्रेशर कुकर न्या. पुष्कळ घरांत इंडक्शन असतं, ॲल्युमिनियमचं साधं भांडं त्यावर तापणारच नाही. तळाला फ्रिजवरचं चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर न्या, नाहीतर नाही. सुरुवातीला हजार-बाराशे वॉट, वाफ धरली की पाचशे-सहाशेवर. सगळा जोर एकदम दिला की डाळ तळाला लागते आणि शिटीतून पाणी उडतं. रिंग एक जास्तीची घ्या, परदेशात त्या मापाची मिळत नाही.

दही: व्हिएतनाममध्ये साधं म्हणून मिळणारं दहीसुद्धा गोड असतं. डब्यावर ‘खोंग दुओंग’ म्हणजे बिनसाखरेचं, ते एकदाच आणा आणि विरजण म्हणून वापरा. खोक्यातलं दूध आधीच तापवलेलं असतं, उकळायची गरज नाही. अर्धा लिटर कोमट करून एक चमचा विरजण घाला. चिआंग माईच्या थंडीत लागत नसेल तर टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवा.

बाहेर खाताना नुसतं ‘भाजी’ म्हणू नका, माशाचा सॉस पडतोच. व्हिएतनाममध्ये ‘आन चाय’ म्हणा. थायलंडमध्ये लाल अक्षराचा पिवळा झेंडा, ‘जे’, बघा. तिथे कांदा-लसूणही नसतं. पेनांगच्या लिटल इंडियात तूरडाळ, कढीपत्ता, इडलीचं सगळं मिळतं, तेव्हा बडोद्याहून डाळी वाहून नेऊ नका. मेतकूट पाव किलो, गोडा मसाला पाव किलो, थालीपीठ भाजणी एक किलो. घरची पिठं बिनलेबलची नेऊ नका, पिशवी सीलबंद करून वर नाव लिहा. थेपले पहिले दोन दिवस. खाखरा न्यायचा तर कडक डब्यात, बॅगेत त्याचा भुगा होतो.

रावपुरा_टॉवर
कुकर हातातल्या बॅगेत चालेल का?

मेतकूट_तूप_भात
नको, चेक-इनमध्ये. आत मोजे-बनियन भरा, जागा वाया जात नाही. शिटी वेगळी काढून पर्समध्ये ठेवू नका, तिथूनच ती हरवते. कुकरमध्येच मोज्यात घाला.

औषधाची_पेटी
तापाच्या औषधात लोक चमचे मोजतात, तिथे चुकतं. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम. १६ किलोला एका वेळी २४० मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आता हेच २४० मिलिग्रॅम १२० च्या (म्हणजे ५ मिलित १२० मिलिग्रॅम) सिरपचे १० मिलि होतात, २५० च्या (५ मिलित २५०) सिरपचे ५ मिलिपेक्षा किंचित कमी, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलिच्या थेंबांचे फक्त २.४ मिलि. परदेशात बाटली बदलली की आकडा बदलतो. मोजायची सिरिंज इथूनच न्या, आणि मुलांचं वजन दर महिन्याला घ्या. तिकडे डेंग्यू असतो, म्हणून डॉक्टरांनी तो नाही असं सांगेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका.

जुलाबाला ओआरएसचं २१.८ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असले प्रयोग नकोत, क्षार जास्त झाले तर अपाय होतो. सोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस.

लसी निघण्याआधी दोन महिने. बालरोगतज्ज्ञांना टायफॉइड, जपानी मेंदूज्वर आणि रेबीजचं विचारा. रेबीजचे आधीचे दोन डोस शून्य आणि सातव्या दिवशी. ते घेतलेले असले तरी कुत्रा चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि आणखी दोन डोस घ्यायचेच. फक्त इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शोधत फिरावं लागत नाही. विमा भारतात असतानाच काढा.

खडू_डस्टर
चौथी आहे हे बरं. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत मागे ठेवता येतं, त्या वर्षी असा प्रवास टाळावा. मुख्याध्यापकांना तारखांसह लेखी अर्ज द्या आणि परीक्षेबद्दलचं उत्तर लेखीच घ्या. तोंडी ‘चालेल’ला मार्चमध्ये अर्थ नसतो.

अभ्यास सकाळी साडेआठ ते दहा, आधी गणित. बडोद्याची संध्याकाळी पाचची ऑनलाइन शिकवणी थायलंड-व्हिएतनाममध्ये साडेसहाला, पेनांगला साडेसातला पडते. पेनांगला असताना ती सकाळी हलवा, नाहीतर जेवण आणि झोप दोन्ही बिघडतात.

सुटे_पैसे
तीनच गोष्टी. भारतीय नंबरचं रोमिंग इथे असतानाच चालू करा आणि परतीपर्यंतचा रिचार्ज मारा. ओटीपी आला नाही तर कार्ड, बँक, सगळं ठप्प. दोघांची खाती दोन वेगळ्या बँकांत, कार्डं दोन वेगळ्या बॅगांत. एटीएमने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर स्थानिक चलन. रुपये निवडले की दर मशीनवाला लावतो.

आणि एक्स्टेन्शन बोर्ड इथूनच न्या, त्याला एक ॲडॉप्टर. पेनांगला चौकोनी तीन पिनांचा लागेल. बोर्ड ६ अँपिअरचा असेल तर त्यावर फक्त चार्जर. पंधराशे वॉटची किटली लावली तर वायर तापते.

रावपुरा_टॉवर
बेत बदलला, चिआंग माईपासूनच सुरुवात. एक राहिलं: फेब्रुवारीत यांना दहा दिवस बडोद्याला यावं लागेल. मी एकटी मुलांना घेऊन पेनांगहून दा नांगला गेले तर?

नकाशा_आणि_पंचांग
त्यांचं इंग्रजीतलं संमतिपत्र नोटरी करून न्या: मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, तारखा, विमान, त्यांचा फोन. सोबत जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत. मुलांच्या पासपोर्टात आईचं नाव माहेरचं आणि तुमच्यात सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही. कागद हातातल्या बॅगेत, कुकरशेजारी नको.