करणी, तोडगा, देवस्की: कोणता शब्द कोणाच्या तोंडी?

झाडपाला, नारळ, तांदूळ, गावची शीव आणि तिच्यावरची दैवते यांच्या आधाराने गावोगाव जी विद्या चालते, तिला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि 'चेटूक' हा शब्द तिच्यासाठी सरसकट वापरावा काय, असा हा प्रश्न आहे. माझे मत असे की वापरू नये. या विषयातले मराठी शब्द क्रियेवरून जितके वेगळे होतात, त्याहून अधिक ते बोलणाऱ्यावरून वेगळे होतात, आणि हा भेद पुसला गेला की अर्थाबरोबर माणसांवरही अन्याय होतो.

आधी करणी, मूठ, चेटूक आणि भानामती हे शब्द पाहू. 'मी करणी केली' असे वाक्य कोणी बोलताना ऐकू येत नाही. 'त्याच्यावर करणी केली आहे', 'तिच्यावर कोणीतरी मूठ मारली' अशीच वाक्ये कानावर पडतात. म्हणजे हे शब्द नेहमी दुसऱ्याच्या कृत्याबद्दलचे, संशयाचे आणि आरोपाचे आहेत. करणी हा शब्द मुळात किती निरुपद्रवी आहे हे 'करणी तशी भरणी' किंवा 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणींवरून दिसतेच. चेटूक या शब्दाचे नाते संस्कृत चेट, चेटक म्हणजे सेवक या शब्दांशी जोडले जाते, आणि आज्ञेत ठेवलेल्या भुताकडून काम करवून घेण्याची कल्पना पाहता ते पटण्यासारखे आहे. मराठवाड्यातली भानामती आणखी वेगळी आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात आणि लोक म्हणतात, 'त्यांच्या घरी भानामती होते आहे.' क्रियापद 'होणे', कर्ता गायब. हाच शब्द सीमेपलीकडे तेलुगूत बाणामती असा आढळतो.

याउलट, जे लोक हे विधी स्वतः करतात किंवा स्वतःसाठी करून घेतात, त्यांच्या तोंडचे शब्द पूर्णपणे निराळे आहेत. सिंधुदुर्गातली गावऱ्हाटी, म्हणजे ग्रामदेवतेभोवती चालणारी गावाची परंपरागत व्यवस्था, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो, 'बा देवा महाराजा' अशी सुरुवात करून गावकऱ्याची अडचण, तिचे कारण आणि मागणे ठरलेल्या लयीत मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'होय महाराजा' अशी साथ देतात. घाटावरच्या वाचकाने इथे क्रियापदाकडे लक्ष द्यावे. आपण गाऱ्हाणे सांगतो किंवा मांडतो, म्हणजे तक्रार करतो. कोकणात गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवाला साकडे घालून त्याला कामाला लावतात. कौलाचेही तसेच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन. पाषाणाला लावलेली ओली पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, यावरून देवाचे उत्तर घेतले जाते तो कौल, आणि निवडणुकीनंतर वृत्तपत्रे ज्याला जनतेचा कौल म्हणतात तोही हाच शब्द.

या शब्दांना जमिनीपासून तोडता येत नाही. देवचार आणि राखणदार ही राखण करणारी दैवते वाडीच्या, शेताच्या किंवा शिवेच्या हद्दीत फिरतात, आणि त्यांना वर्षाला जे नारळ-कोंबड्याचे मान द्यायचे असतात त्याला 'राखण देणे' म्हणतात. घाटावर वेताळ म्हटले की भुतांचा राजा डोळ्यांसमोर येतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला मात्र तोच वेतोबा होतो, म्हणजे त्याला आदराचा 'बा' लागतो, आणि तो रात्री गावाच्या रक्षणासाठी चालतो या श्रद्धेने भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला अर्पण करतात. गोव्यात लोलये आणि आमोणे इथेही वेताळ हे पूजनीय दैवत आहे. अशा देवाच्या सेवेला चेटूक म्हणणे हे शब्दाच्या दृष्टीनेसुद्धा चूक आहे.

आता घरातले शब्द. मूल किरकिरू लागले की आजी मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन त्याच्यावरून ओवाळते आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकते. मिरची जळून घरभर ठसका उठला तर दृष्ट साधी होती; ठसका उठलाच नाही तर 'केवढी दृष्ट लागली होती' असे म्हणायचे. इथे दृष्ट 'लागते' आणि 'काढली' जाते. ती लावणारा बहुधा दुष्ट नसतो, कौतुकाने पाहणाऱ्याचीही लागते, म्हणून या शब्दात करणीतला विखार नाही. उतारा हा त्याच्या पुढचा टप्पा: दहीभात, लिंबू, हळद-कुंकू माणसावरून उतरवून तिठ्यावर ठेवायचे. विषावर उतारा म्हणतो त्या अर्थाशी याचे सख्य उघड आहे, कारण दोन्हींत चढलेले काहीतरी खाली आणायचे असते. तोडगा तर इतका घरंदाज झाला आहे की पाणीवाटपावर किंवा संपावर तोडगा निघाला असे लिहिताना त्याची लिंबू-मिरचीची पार्श्वभूमी कोणाला आठवत नाही. झपाटणे, भारणे, मंतरणे ही क्रियापदेही अशीच वाट चालून आज चक्क प्रशंसेसाठी वापरली जातात.

वनस्पतींनीही भाषेला दिले आहे. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात, त्याला बिब्बा उतणे म्हणतात. दाराशी लिंबू-मिरच्यांबरोबर तोच बिब्बा ओवलेला असतो, आणि जमत आलेल्या कामात विघ्न आणणाऱ्याने 'बिब्बा घातला' असेही आपण म्हणतो. वेखंड बाळाच्या गुटीतही आणि त्याच्या गळ्यातही. औषध कुठे संपते आणि राखण कुठे सुरू होते, ही रेघ बोलणाऱ्याच्या मनात नसते.

मात्र ज्या शब्दांबद्दल मला खरोखर कळकळ वाटते ते माणसांना लावले जाणारे आहेत. पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात जाणता पुरुष भगत असतो आणि त्याला मान असतो. करणीचा आळ आलेली भुताळी मात्र बाई असते. सातपुड्यात नंदुरबारकडे तिला डाकीण म्हणतात. भगत हे काम आहे, डाकीण हा ठपका आहे, आणि तो ठपका बसलेल्या बाईला मारहाण, बहिष्कार, कधी मृत्यूही भोगावा लागला आहे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हाही गुन्हा ठरवला असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. साप चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणेही याच कायद्यात येते. म्हणून लिहिताना 'गावातली चेटकीण' असा उल्लेख वर्णन म्हणून करू नये; 'जिला चेटकीण ठरवले ती' असेच लिहावे.

राहिला देवस्की हा शब्द. तो दोन्ही बाजूंना जातो. मालवणीत 'त्येका देवस्की कळता' हे जाणकारीचे कौतुक आहे, आणि 'त्येनी देवस्की केल्यान' ही सरळ फिर्याद आहे. तेव्हा या विद्येसाठी एकच शब्द हवा असेल तर कोकण-गोव्याच्या संदर्भात मी देवस्की सुचवीन, पण त्याच्याबरोबर क्रियापद कोणते आले आहे ते मात्र जसेच्या तसे नोंदवावे. खानदेश आणि विदर्भात याच अर्थाने कौतुक आणि आरोप या दोन्हींसाठी चालणारा शब्द कोणता, हे तिकडच्या जाणकारांनी क्रियापदासह लिहिल्यास ही चर्चा पुढे नेता येईल.