गावच्या क्रिकेट स्पर्धेचं मराठी समालोचन एआयकडून करून घ्यावं का?

सत्तरीकर: नमस्कार मंडळी. वाळपईजवळ आमच्या मंडळाची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा पावसाआधी असते. यंदा यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार आहोत, गावची बरीच मुलं आखातात आहेत. नेहमीचे समालोचक, आमचे बाबा, त्याच तारखांना दुसऱ्या मैदानावर अडकलेत. मोबाइलवर चेंडूगणिक स्कोअर भरतोच. त्यावरून एआय मराठीत थेट बोलेल का? खर्च मंडळाला झेपणारा हवा.

फोंड्याचा स्कोअरर: थेटला नको, हायलाइट्सना जरूर घ्या. 2023 च्या विम्बल्डनला आयबीएमने एआय समालोचन दिलं, तेही हायलाइट्सच्या व्हिडिओंनाच. स्कोअररने नोंद केली की एक मॉडेल वाक्य रचतं, दुसरं ते बोलून दाखवतं. नोंद होते चेंडू संपल्यावर. म्हणजे षटकार पडून लोक ओरडून झाले, की मग आवाज येणार. शिवाय नोंदीत असतं नुसतं ‘झेलबाद’. लाँगऑनचा पोरगा उन्हात डोळ्यांवर हात धरून मागे मागे जात होता, हे त्याला कुठून कळणार? ‘रंगवून सांग’ म्हटलं की ते मनचं घालतं आणि सरळ हातात आलेल्या झेलालाही सूर मारायला लावतं. सूचनेत पहिलीच ओळ लिहा: नोंदीत नाही ते बोलायचं नाही.

मडगावकर: क्रिकेट आहे म्हणून निदान एवढं तरी जमेल. आमच्या फुटबॉलच्या गावठी स्पर्धांत गोल आणि कार्डं सोडली तर कोण काही लिहून ठेवतो?

स्मिता, पेडणे: नावांकडे आधी बघा. ॲपमध्ये ती रोमनमध्ये असतात आणि गावसचा ‘गवस’ होतो. ज्या मुलाची आई दुबईत बसून ऐकतेय तिला ते लागतं हो. सगळी यादी देवनागरीत करा. आकडेही अक्षरांत द्या, ‘चार षटकांत बावीस धावा, दोन बळी’ असे. तुमच्या समालोचकांची जुनी काही षटकं ऐकून उतरवा आणि नमुना म्हणून मॉडेलला द्या, नाहीतर वाक्यं इंग्रजीतून उलथलेली येतात. आवाजासाठी, म्हणजे लिहिलेलं बोलून दाखवायला, केंद्र सरकारचं भाषिणी किंवा आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारतचं इंडिक पार्लर टीटीएस बघा, दोन्हींत मराठी आहे.

सत्तरीकर: समालोचकांचाच आवाज जुन्या व्हिडिओंवरून तयार केला तर?

फोंड्याचा स्कोअरर: त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नको. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने क्रीडा समालोचक अल मायकल्स यांचा एआय आवाज वापरला, तो त्यांच्या संमतीने. शिवाय प्रत्येक क्लिप बाहेर पडण्याआधी संपादक तपासत होते. न बोललेली वाक्यं तुम्ही बाबांच्या तोंडी घालणार. उद्या एखाद्याला चुकीचा बाद सांगितला, तर लोक मंडळाला नाही, बाबांना बोलतील. घरी जाऊन विचारा, मानधन द्या, आणि हायलाइट्स आधी त्यांनाच ऐकवा.

स्मिता, पेडणे: थेटसाठी गावातलीच दोन माणसं बसवा. एकाला खेळ कळावा, दुसऱ्याला माणसं. अडखळले तरी चालेल.

सत्तरीकर: पटलं. आमचा जुना यष्टीरक्षक आणि शाळेत सूत्रसंचालन करणारी एक मुलगी, दोघंही तयार झालीत. एआय फक्त रात्रीच्या हायलाइट्सना, आणि बाबांकडे रविवारी जातो. आता एकच सांगा, मैदानावर वारा फार असतो. माइकला लावायचा फोम म्हापशात मिळेल की पणजीला जावं लागेल?