घरचा ग्रुप: छप्पर उतरवण्याआधी पन्हळ पाहू

मोठे काका: सर्वांना नमस्कार. मधल्या खोलीच्या भिंतीवरची ओल आता खिडकीच्या खालपर्यंत उतरली आहे आणि कालच्या पावसात माळ्यावर दोन ठिकाणी भांडी ठेवावी लागली. दर वर्षी दहा-वीस कौले बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा यंदा सगळी कौले उतरवून सरसकट पत्रा घालावा, असे माझे मत झाले आहे. आज-उद्यात प्रत्येकाने आपले म्हणणे कळवावे, म्हणजे कारागिराला निरोप देता येईल.

आत्या: अण्णा, पत्र्याला माझी हरकत आहे. पण गळक्या घरात राहतोस तू, त्यामुळे लांबून फार बोलणे मला शोभणार नाही.

मी: काका, मागच्या आठवड्यात विजेरी आणि खडू घेऊन मी दोन तास माळ्यावर होतो. तिथे जे दिसले ते सविस्तर लिहितो, कारण त्यावरून मला तरी छप्पर मोडीत काढण्याची वेळ आलेली वाटत नाही.

थेंब जिथे पडतो तिथेच पाणी शिरते, असे धरून आपण आजवर कौले बदलत आलो. प्रत्यक्षात आत आलेले पाणी वाशाच्या खालच्या अंगाला धरून उताराने सरकत जाते आणि एखादा खिळा, गाठ किंवा सांधा आडवा आला की तिथे सुटते. पलंगावरच्या थेंबाचा डाग मी खडूने खुणा करत वर शोधत गेलो, तर तो जवळजवळ दोन मीटर अंतरावर, पुढचे आणि बाजूचे पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, जिथे काटकोनात मिळते तिथल्या पत्र्याच्या खाचेपाशी जाऊन थांबला. त्या खाचेत कुजलेल्या पाल्याचा बांध झाला आहे. पाणी अडले की ते पत्र्याची कड ओलांडून बाजूच्या कौलांखाली जाते, आणि वरची कौले कितीही नवी असली तरी त्याला अटकाव होत नाही.

भिंतीच्या ओलीचा तर छपराशी संबंधच नाही. मागची पन्हळ जिच्यावर ठोकली आहे त्या फळीचे टोक मऊ पडले आहे, त्यामुळे दोन आधार सैल होऊन पन्हळ मध्यभागी खचली आहे आणि भिंतीकडे कलली आहे. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली असावी लागते, म्हणजे तुंबलेच तर पाणी अंगणात सांडते. आपल्याकडे ते उलटे झाले असून सांडलेले सगळे पाणी भिंतीवरून उतरते. हे पाणी किती असेल याचा अंदाज घ्या. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. मागचे पाखे जमिनीवर मोजले तर साधारण 60 चौरस मीटर भरते, म्हणजे तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत 3,000 लिटर किंवा मिनिटाला 50 लिटर पाणी पन्हळीतून खाली उतरणाऱ्या त्या एका पाइपातून जायला हवे, आणि त्याचे वरचे वळण निम्मे गाळाने भरलेले आहे.

मोठे काका: दोन वर्षांपूर्वी आढ्यावरचा आणि भिंतीलगतचा सांधा सिमेंटने भरून घेतला होता. त्याचा काहीच उपयोग झाला नाही म्हणायचा का?

ताई: काका, पहिल्या पावसापुरता झाला असेल. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हात आकसते. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, त्यामुळे कडेने केसासारखी भेग पडते. ही भेग डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी ती बरोबर शोधते आणि वर सिमेंट असल्यामुळे आतली ओल लवकर वाळतही नाही. भिंतीलगत पत्र्याची पट्टी भिंतीवर निदान 150 मिलिमीटर चढवून तिची वरची कड भिंतीत खाच पाडून आत बसवावी, म्हणजे पट्टीखाली छप्पर मोकळेपणाने हलू शकेल. पन्हळीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. अ‍ॅल्युमिनियमची 10 मीटर लांब पन्हळ तापमानातल्या 40 अंश सेल्सिअसच्या फरकाने 9 मिलिमीटरहून अधिक वाढते, म्हणून सांधे घट्ट जाम केले की ते उघडतातच. उतार दर 3 मीटरला किमान 6 मिलिमीटर ठेवावा. तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता दोरी आणि पाणसळ लावून ठरवावा.

वहिनी: एक शंका आहे. थंड सकाळी पाऊस नसतानाही स्वयंपाकघराच्या वरच्या फळ्यांवर थेंब दिसतात. ते कुठून येतात?

ताई: ती गळती नव्हे. चुलीवरची वाफ वर जाऊन गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. तिथे हवा बाहेर जायला झरोका हवा. अण्णाकाकांच्या पत्र्याने हा त्रास वाढेल, कारण पत्रा रात्री कौलापेक्षा लवकर गार होतो.

आत्या: मागच्या पडवीवरचे जुने राखाडी सिमेंटचे पत्रे घासून, रंगवून घेतले तर चालतील का? शेवाळाने काळे झाले आहेत.

ताई: आत्या, त्यांना कृपा करून कोणी हात लावू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि असे पत्रे घासले, कापले किंवा भोक पाडले की त्याचे तंतू हवेत मिसळून श्वासावाटे फुप्फुसात जातात. नुसते बघून ओळखता येत नाही. आधी तुकड्याची तपासणी जाणकाराकडून करून घेऊ, तोवर ते आहेत तसे राहू द्यावेत.

मी: मग क्रम असा ठेवू या का? आधी खाच आणि पन्हळ साफ करून मऊ पडलेली फळी बदलायची, पन्हळ नव्याने ताणून बसवायची आणि पाइपाचे पाणी जोत्यापासून निदान दीड मीटर दूर सोडायचे. त्यानंतर कोरड्या दिवशी नळीने पाणी मारून पाहायचे. मात्र सुरुवात वळचणीपासून करून हळूहळू वर जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. एकदम आढ्यावर पाणी सोडले तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. त्या वेळी एकाने माळ्यावर विजेरी घेऊन बसावे लागेल. भिंत वाळायला काही महिने लागतील, तोवर तिला रंग लावू नये.

वहिनी: चढणाऱ्याने कौलांवर पाय देऊ नये, फळी टाकून त्यावरून जावे. शिडी चार मीटर उंच टेकवली तर तिचा पाया भिंतीपासून एक मीटर बाहेर असावा आणि खाली धरायला माणूस हवाच. मागच्या वेळी कौले दुरुस्त करायला आलेल्यांनी दुरुस्त केली त्याहून जास्त फोडली होती.

मोठे काका: पटले. पत्र्याचा विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाजूला ठेवतो. माझी एकच अट आहे: पन्हळीची फळी बदलताना तिच्यामागच्या वाशांची टोकेही पेचकसाने टोचून पाहावीत आणि जी मऊ लागतील ती त्याच वेळी बदलावीत, कारण पुन्हा तेवढ्यासाठी कौले उतरवायची माझी तयारी नाही. माळ्यावरची भांडी मी हलवत नाही. प्रत्येक पावसानंतर कोणत्या भांड्यात किती पाणी जमले ते इथेच लिहीत जाईन.